चौदा नंबरची पाटी

पोलोना तेव्हा फ्रान्चकाकाकूंच्या छपरावर होती. धुराड्यात सोडलेला ब्रश ती हिसके देत वर ओढत होती आणि दर हिसक्याला काजळीचा भपकारा तिच्या तोंडावर येत होता. सप्टेंबर संपत आला होता. थंडी पडायच्या आत लिप्नो गावातली एकतीसच्या एकतीस धुराडी तिला एकटीला साफ करायची होती. कपाळावरचा घाम पुसायला ती थांबली आणि तिची नजर सहज समोरच्या घराकडे गेली. ते तिचंच घर होतं, आणि एक अनोळखी तरुण त्याच्या भिंतीला फूटपट्टी लावत होता.

त्याच्या एका हातात भाजलेल्या मातीची तपकिरी पाटी होती. दारापासून किती, खिडकीपासून किती असं मोजून तो ती भिंतीला टेकवायचा, मागे सरकायचा, मान कलती करून बघायचा, पुन्हा पुढे यायचा. पोलोनाला आधी गंमत वाटली. मग तिनं पाटीवरची अक्षरं वाचली.

'भिकाऱ्याकडे.'

"ओ... पट्टीवाले," ती वरून म्हणाली. "ते घर माझं आहे."

त्यानं वर पाहिलं. छपरावर डोक्यापासून बुटांपर्यंत काळीकुट्ट आकृती पाहताच त्याचा हात आपसूक शर्टाच्या बटणाकडे गेला. धुराडी साफ करणारं माणूस दिसलं की बटण धरायचं, म्हणजे दिवस चांगला जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण बटण धरायच्या नादात त्याची पाटी सुटली आणि त्यानं ती कशीबशी गुडघ्यावर झेलली.

"बटण सोडा," पोलोना शिडी उतरता उतरता म्हणाली. "आज तुमचं नशीब काही धड दिसत नाही."

जवळ आल्यावर दिसलं की तो तिच्याच वयाचा होता, सत्तावीस-अठ्ठावीसचा. चष्मा, खिशाला तीन पेनं, आणि डोळे... डोळे चांगले होते. याचाही तिला राग आला. असल्या कामावर निघालेल्या माणसाला असे डोळे कशाला लागतात?

"मी गाश्पर," तो म्हणाला. "गावातल्या घरांची जुनी नावं शोधायचं सरकारी काम माझ्याकडे आहे. येत्या रविवारी, सेंट मिखाएलच्या जत्रेला, सगळ्या घरांवर पाट्या लागणार. आज मी फक्त जागा बघतोय."

"नाव कुणी ठरवलं हे?"

"कागदांनी."

"कागद बोलतात का तुमच्याशी?"

"बोलतात," तो शांतपणे म्हणाला. "तुमच्यापेक्षा हळू बोलतात."

पोलोनानं त्याच्या हातातून पाटी काढून घेतली. तिच्या पाचही बोटांचे काळे ठसे पाटीवर उमटले. "ही माझ्याकडे राहील," ती म्हणाली आणि घरात शिरून तिनं धाडकन दार लावलं.

लिप्नोत आडनाव लागतं ते फक्त पोस्टमनला. बाकी सगळे घराच्या नावानं ओळखले जातात. कुणी लोहाराकडची, कुणी गिरणीकडचा. पोलोना घंटेवाल्यांकडची. तिच्या आजोबांनी, लोव्रोंनी, एक्कावन्न वर्षं चर्चची घंटा वाजवली होती, विजेची मोटर बसेपर्यंत. त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांनी. अख्खं गाव या घराला घंटेवाल्याकडे म्हणतं. मग पाटी लिहिताना गावाची जीभ झडली होती का?

झडली नव्हती, उलट चांगली चालली होती. मार्चमध्ये नावं ठरवायची सभा झाली, तेव्हा आजोबा खुब्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते आणि पोलोना त्यांच्या उशाशी. सभेत फ्रान्चकाकाकू म्हणाल्या, "घंटेवाले हे लोव्रो आणि त्याच्या बापामुळे पडलेलं नाव. त्याआधीचं काय ते कागद बघून लिहा." नियमही तसाच होता. नाव जुनं हवं आणि कागदावर हवं. गाश्परनं कागदात सापडलं ते वाचून दाखवलं, भिकाऱ्याकडे. चारदोन जण हसले. मग कॉफी आली. बस, एवढ्यावर एका घराचं नाव ठरलं.

पोलोनानं पाटी स्वयंपाकघरात पालथी ठेवली होती. ती तोंड धुऊन येईपर्यंत आजोबांनी ती उलटून वाचलेली होती.

"लावू दे की," ते म्हणाले. "मला काय."

पण त्या संध्याकाळी ते भिंतीलगतच्या बाकावर बसायला बाहेर आले नाहीत. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी दोन पावलं चाला म्हटल्यापासून एक संध्याकाळ चुकली नव्हती. पोलोनानं रिकामा बाक पाहिला आणि तिच्या डोक्यात सणक गेली. रविवारी त्या बाकाच्या बरोबर वर तो शब्द लागणार होता. ब्याऐंशी वर्षांच्या माणसानं उरलेल्या सगळ्या संध्याकाळी त्याच्याखाली बसायचं होतं, नाहीतर घरात कोंडून घ्यायचं होतं.

बुधवारी दुपारी ती फादरांच्या घरी जाऊन धडकली. तिथल्या मागच्या खोलीत गाश्पर जुन्या वह्यांचे फोटो काढत बसला होता. तिला पाहताच त्यानं बटण धरलं.

"मला कागद दाखवा."

"आधी हात धुऊन या."

"तीनदा धुतलेत. एवढी काजळी जन्मभर राहणार."

त्यानं खणातून पांढरे सुती हातमोजे काढून दिले. तिनं ते घातले आणि दोन मिनिटांत त्यांची बोटं करडी झाली. गाश्पर वही स्वतःच्या बाजूला ओढून म्हणाला, "पानं मी उलटतो. तुम्ही भांडा."

पूर्वी इथले फादर घरोघर फिरून घरटी माणसं एका वहीत लिहून ठेवायचे. घराचं नाव त्या वहीत असायचं. पण चौदा नंबरचं पान उंदरांनी खाल्लं होतं, नेमकं वरचा अर्धा भाग, नावासकट. म्हणून गाश्पर शिरगणतीकडे वळला होता. १८६९ सालची शिरगणती, जर्मन अक्षर, शहरातून आलेला कारकून. घर चौदा. घरधनी मातेव्ह्ज. धंदा, भिकारी.

"हे आजोबांचे पणजोबा," पोलोना म्हणाली. तिची कानशिलं तापली होती. "कोण होता हा कारकून? एक दिवस आला, कॉफी प्यायला, आणि पुढच्या दीडशे वर्षांचं लिहून गेला?"

"सरकारी माणूस होता. त्याला खोटं लिहायचं कारण नव्हतं."

"आणि खरं लिहायचं कारण होतं?"

गाश्परनं चष्मा काढून पुसला. "हे बघा, मी मातेव्ह्जच्या मुलांचे बाप्तिस्मे तपासलेत. सात मुलं. बापाच्या धंद्याचा रकाना सातही वेळा कोरा. घंटावाला असं कुठेतरी लिहिलेलं दाखवा, मी पाटी बदलतो. माझं तुमच्या घराशी काय वैर आहे?"

"वैर नाही म्हणूनच जास्त राग येतोय," ती म्हणाली. "वैर असतं तर निदान कारण तरी कळलं असतं."

तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडायची, डाव्या नाही. अर्धवट काम, पोलोना मनात म्हणाली, आणि ती खळी पुन्हा पडते का ते बघत राहिली.

गुरुवारी ती दोन धुराडी अर्ध्यावर टाकून आली. गाश्परनं तिच्यासाठी खुर्ची आधीच ओढून ठेवली होती. खुर्चीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलेलं होतं.

"काजळी खुर्चीला लागेल म्हणून?" तिनं खडसावलं.

"खुर्ची फादरांची आहे. माझी असती तर अंथरलं नसतं."

यावर रागवायचं की नाही, हे तिला पटकन ठरवता आलं नाही. म्हणून ती रागावलीच.

"तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय," ती म्हणाली. "मी घंटेवाल्याच्या घरात वाढलेय. घंटावाला स्वतःच्या घरी असतोच कुठे? माझे आजोबा अकरा मुलांचे धर्मपिता आहेत. त्यातल्या निम्म्यांची नावंही त्यांना येत नाहीत. बाप्तिस्म्याला ठरलेला माणूस वेळेवर आला नाही, की हाका मारायच्या घंटेवाल्याला. लग्नात साक्षीदार पिऊन पडला, घंटेवाल्याला उभं करायचं. तो चर्चमध्ये असतोच ना. आमची पानं ठेवा बाजूला. लोकांची पानं उघडा."

गाश्पर तिच्याकडे बघत राहिला. एवढा वेळ त्यानं कधी कागदाकडेसुद्धा पाहिलं नव्हतं.

"काय?"

"काही नाही... मी सहा वर्षं हे काम करतोय. मला हे कुणी सांगितलं नव्हतं."

त्यानं १८६५चा जानेवारी उघडला. त्या हिवाळ्यात, त्यानं सांगितलं, घराबाहेर पडणं मुश्किल झालं होतं एवढा बर्फ होता. नवजात पोर अशक्त असलं की सुईण ते शालीत गुंडाळून पहाटे थेट चर्चमध्ये आणायची, निदान बाप्तिस्म्याआधी जाऊ नये म्हणून. आई अंथरुणाला, बाप डोंगरात लाकूडतोडीला. पोराला हातावर धरायला कोण?

पोलोनाला ती लिपी वाचता येत नव्हती. पण एक नाव ती आता ओळखत होती. धर्मपित्याच्या रकान्यात तिनं करडं बोट ठेवलं. "हा मातेव्ह्ज. हाही मातेव्ह्ज. इथे खाली परत. दरवेळी त्याच्यापुढे हे काय लिहिलंय?"

गाश्पर वाकला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि दोघांनीही तो काढून घेतला नाही.

"घर चौदा," तो हळू आवाजात वाचू लागला. "घंटावाला." त्यानं पान उलटलं. "घंटावाला. घंटावाला..." मग तो थांबला. "त्याच्या स्वतःच्या मुलांच्या वेळी फादरांनी रकाना कोरा सोडला, कारण रोज डोक्यावर घंटा वाजवणाऱ्याचा धंदा काय लिहायचा? साक्षीदार म्हणून मात्र पुरतं नाव लिहावं लागतं."

संध्याकाळपर्यंत त्यांनी बावीस घरं मोजली. त्यात फ्रान्चकाकाकूंची पणजीही निघाली.

लग्नाच्या वहीत मातेव्ह्जचं लग्नही सापडलं. तो मूळचा पलीकडच्या खोऱ्यातला होता. चौदा नंबरच्या मुलीशी लग्न करून इथे राहायला आला आणि सासऱ्याची घंटा त्यानं हातात घेतली.

"म्हणजे घरजावई," पोलोना म्हणाली.

"इथे तसंच असतं. जो घरात राहायला येतो, त्याला त्या घराचं नाव लागतं. जुनं नाव मागे राहतं."

"मग त्यात लाजायचं काय एवढं?"

"मी कुठे लाजतोय," गाश्पर म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"एकच राहतं," तो घाईनं म्हणाला. "सरपंच विचारणार, की घंटावाला होता तर कारकुनानं भिकारी का लिहिलं?"

पोलोनानं शिरगणतीचा कागद पुढे ओढला. खाली कोपऱ्यात तारीख होती. ती तिनं एकदा वाचली, परत वाचली, आणि खुर्ची मागे लोटून उभी राहिली.

"एकतीस डिसेंबर," ती म्हणाली. "चला माझ्याबरोबर. आत्ता."

आजोबा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. पोलोनानं विचारलं, "आजोबा, नाताळ ते सहा जानेवारीचा तीन राजांचा सण, त्या दिवसांत तुमचे वडील काय करायचे?"

आजोबांचा हात थांबला. "काय करायचे म्हणजे? पोतं घेऊन निघायचे. घरटी एक माप ओट, एक पाव, कुणी सॉसेज. घंटा वाजवायचा पगार तोच होता. वर्षातून एकदा, प्रत्येक दारी. मीही जायचो बरोबर, सहा-सात वर्षांचा होतो तेव्हा."

"आणि तेव्हा घरी कुणी आलं, तर तुमची आई काय सांगायची?"

"सांगायची, पोतं घेऊन दारोदार गेलेत."

गाश्परनं डोळे मिटून घेतले. शहरातल्या कारकुनाला बलुतं कुठून कळणार? वर्षभर पहाटे, दुपारी, संध्याकाळी दोर ओढायचा, आग लागली की ओढायचा, कुणी मेलं की ओढायचा, आणि त्याचं बलुतं मागायला दारात उभं राहिलं की लेखणी उचलून लिहायचं, भिकारी.

"शाळेत मला तेच म्हणायचे," आजोबा म्हणाले. त्यांनी बटाटा पुन्हा हातात घेतला होता, पण सुरी चालत नव्हती. "पोत्याचं टोक धरून चालायचो ना मी. ही पाटी वाचली तेव्हा वाटलं... कागदालाही तेच माहीत आहे तर."

पोलोनाला एवढा राग कधीच आला नव्हता. तो कारकुनाचा होता, शाळेतल्या कधीच्या मेलेल्या पोरांचा होता आणि मार्चमध्ये हसलेल्या त्या चारदोन लोकांचाही होता. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावर दोन पांढऱ्या रेघा उठल्या. गाश्परनं खिशातून रुमाल काढून पुढे केला. मग त्यानं टेबलावरची पालथी पाटी उचलली.

"ही मी परत नेतो," तो आजोबांना म्हणाला. "चूक माझी आहे. मी तारीख बघितली होती. विचारायला मात्र आलो नाही."

शुक्रवारी सरपंचांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण नवी पाटी भट्टीतून यायला महिना जाईल. रविवारी फोटोवाले येतायत, बँड येतोय. तूर्त आहे ती लावा. वसंतात बदलू."

"तूर्त तुमच्या घरावर लावू का?" पोलोनानं विचारलं. सरपंचांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. गाश्परनंही काही उत्तर दिलं नाही, आणि त्याचं ते गप्प बसणं तिला घरी येईपर्यंत बोचत राहिलं. शेवटी सरकारी माणूसच तो, तिनं स्वतःला बजावलं. खळी बिळी सगळं झूट.

रविवारी प्रार्थना संपली. चर्चसमोरच्या लिंडेनच्या झाडाखाली गाव जमलं, बँडवाले ट्रम्पेट पुसू लागले. पोलोना निळा झगा घालून आली होती आणि भांडणाच्या पूर्ण तयारीत होती. गाश्पर आला तो रिकाम्या हातानं.

"पाट्या कुठे आहेत?" सरपंचांनी विचारलं.

"माझ्या गाडीत, कुलपात. चौदा नंबरची होईपर्यंत एकही लागणार नाही."

कुजबुज सुरू झाली. सरपंचांचा चेहरा पडला. गाश्परनं वही काढली. तो काही वक्ता नव्हता. पहिल्या ओळीला त्याचा आवाज फाटला.

"घर नऊ," तो म्हणाला. "जानेवारी १८६५. मुलगी मारियाना, आठव्या महिन्यात जन्मलेली. आई बेशुद्ध, बाप डोंगरात. बाप्तिस्म्याला हातावर धरून उभा होता मातेव्ह्ज, घर चौदा, घंटावाला."

नऊ नंबर म्हणजे फ्रान्चकाकाकूंचं घर. मारियाना त्यांची पणजी. त्यांनी हातातलं पोटिकाचं, अक्रोड भरलेल्या गोड पावाचं, ताट खाली ठेवलं.

"घर सात. जुळे. हातावर धरायला मातेव्ह्ज, घंटावाला. घर बारा..." त्यानं बावीसच्या बावीस वाचली. ज्या घराचं नाव येई, तिथलं माणूस जमिनीकडे बघे. सरपंचांचं घर एकोणिसावं होतं. "हा माणूस आपला पगार घ्यायला पोतं घेऊन तुमच्या दारी यायचा," गाश्पर शेवटी म्हणाला. "त्याला मी भिकारी लिहिलं. तुम्ही हसलात. लिहिणारा मी, तेव्हा पहिली चूक माझी."

फ्रान्चकाकाकू सरपंचांकडे वळल्या. "माझ्या घरावर पाटी नको. लोव्रोच्या घरावर लागेल त्या दिवशी लावा." आणि ताट उचलून त्या थेट चौदा नंबरकडे चालू लागल्या. त्यांच्यामागून लोहाराकडचे निघाले. मग गिरणीकडचे.

पोलोना पोचली तेव्हा आजोबा काठी टेकत दाराबाहेर आले होते. ते बाकावर बसले. काकूंनी पोटिकाचा तुकडा त्यांच्या हातात ठेवला, माफीबिफी काही मागितली नाही, फक्त शेजारी बसल्या. बरोबर त्याच वेळी विजेची घंटा सुरू झाली. आजोबांनी घड्याळ पाहिलं.

"दोन मिनिटं पुढे आहे," ते म्हणाले. "चार वर्षं झाली, सांगतोय."

लोक पांगल्यावर गाश्पर आला. त्याच्या हातात खडू होता. "महिनाभर भिंत रिकामी नको," तो म्हणाला.

"परवा सरपंचांपुढे तोंडात काय धरलं होतं तुम्ही?" पोलोनानं विचारलं. "मी दोन रात्री तुम्हाला शिव्या दिल्या."

"कुलूप विकत घ्यायचं होतं. आधी बोललो असतो तर त्यांनी पाट्या काढून घेतल्या असत्या."

तिला हसू येत होतं. ते तिनं दाबलं. "आणि ती पाटी? फोडली?"

"माझ्या टेबलावर आहे. वरचे ठसे पुसले नाहीत..." तो खडूकडे बघत म्हणाला. मग भिंतीकडे वळला. पट्टी नाही, माप नाही. त्यानं नुसताच हात उचलला आणि बाकाच्या वर, आजोबांच्या डोक्यावरून, लिहायला सुरुवात केली. दारावर जानेवारीत तीन राजांच्या सणाला लिहिलेली अक्षरं अजून होती. गाश्पर, मिहा, बोल्तेझार, तिन्ही राजांची आद्याक्षरं.

"तुमचं अक्षर तर जानेवारीपासून आमच्या दारावर आहे," पोलोना म्हणाली आणि स्वतःच चपापली.

गाश्परचा खडू थांबला. "ते... मातेव्ह्जचं मी सांगितलं होतं ना. घरात राहायला येणाऱ्याला घराचं नाव लागतं."

"मग?"

"मग काही नाही. म्हणजे... तसंही माझं आडनाव कुणी विचारत नाही. कागदात कुठेतरी लिहिलं असतं, घंटेवाल्यांकडचा गाश्पर... तर मला चाललं असतं. आवडलं असतं."

"दीडशे वर्षांपूर्वीचं सगळं घडाघडा वाचतोस," पोलोना तडकून म्हणाली. "समोरच्या माणसाच्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचायला तुला पाच दिवस लागले. आणि वर विचारायची ही रीत?"

त्याचा हात बटणाकडे गेला. बटण तुटून त्याच्या हातात आलं.

"मी आज काळी नाहीये," ती म्हणाली.

"तरी धरतो," तो म्हणाला.

तिनं त्याच्या मुठीतून ते बटण काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. बाकावर आजोबा पोटिका चावत सरळ समोर बघत होते, ऐकूच येत नसल्यासारखे.

गाश्परनं शेवटचं अक्षर पूर्ण केलं आणि मागे सरकून पाहिलं. 'घंटेवाल्याकडे.' सुरुवात नीट होती, पण शेवटची तीन अक्षरं चांगलीच खाली घसरली होती.

"वाकडं आलं," तो म्हणाला. "पुसून परत लिहू?"

"राहू दे," पोलोना म्हणाली. "आपल्या घरावर आहे."